सक्तीची रजा

न थांबणं हा आपल्याकडे फार मोठा सद्गुण समजला जातो. बँकेतल्या निरोप समारंभात (म्हणजे सामोसा, वेफर्स, पेढा, शाल आणि श्रीफळ) उत्सवमूर्तीबद्दल बोलण्यासारखं दुसरं काही सापडेना, की वक्ता खाकरतो आणि म्हणतो, "साहेबांनी चौतीस वर्षांत एकही सिक लीव्ह घेतली नाही!" टाळ्या पडतात. उत्सवमूर्ती विनयाने शालीच्या काठाकडे बघतात. या चौतीस वर्षांत साहेबांनी नेमकं केलं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. अशा प्रसंगी ते विचारायचं नसतं.

संगणकांच्या जगातही हाच रिवाज आहे. तिथे एखादं यंत्र न थांबता, न बिघडता, कोणी बटण न दाबता किती दिवस चाललं याची मोजदाद ठेवतात आणि तिला 'अपटाइम' म्हणतात. युनिक्स नावाच्या प्रणालीची जी शाखा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात वाढली, तिच्यात १९७९ च्या सुमारास या नावाची आज्ञाच बसवण्यात आली. 'अपटाइम' असं टाईप करायचं, की यंत्र सांगतं, मी इतके दिवस, इतके तास आणि इतकी मिनिटं जागा आहे. अशी सोय आमच्या शाखेत माणसांसाठी असती, तर दुपारी तीननंतरचे आकडे फार उद्बोधक निघाले असते. असो.

पुढे या आकड्यांची चढाओढच लागली. कोणाचं यंत्र तीनशे दिवस जागं, कोणाचं चारशे. पण गंमत बघा. त्या काळच्या पुष्कळ लिनक्स यंत्रांत ही मोजदाद ३२ बिटांच्या डब्यात ठेवलेली असे, आणि सेकंदाला शंभर टिचक्या या हिशेबाने तो डबा ४९७ दिवसांनी काठोकाठ भरे. भरला, की आकडा पुन्हा शून्यावर. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त तपश्चर्या केलेल्या गृहस्थाने पाचशेचा आकडा बघायला चहाचा कप घेऊन जावं आणि यंत्राने सांगावं, 'मी हा आत्ताच उठतोय!' विश्वामित्राचं मेनकेपायी झालं, ह्यांचं बायनरीपायी.

काहींनी मात्र खरोखरच कमाल केली. २०१३ साली एका जुन्या नेटवेअर सर्व्हरची बरीच चर्चा झाली. साधं पेंटियमच्या जमान्यातलं यंत्र, पण सोळा वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेलं. अखेर त्याला बंद केलं, ते काम चुकतं म्हणून नव्हे, तर डिस्कच्या बेअरिंगचा आवाज ऐकवेना म्हणून. म्हातारबुवा काम चोख करत होते, फक्त घोरत फार होते.

कॅलिफोर्नियातच लिव्हरमोर नावाच्या गावी अग्निशामक दलाच्या ठाण्यात विजेचा एक दिवा आहे. तो १९०१ पासून पेटतो आहे. त्या २०१३ सालीच मे महिन्यात तो अचानक काळोखात गेला आणि साडेनऊ तासांहून अधिक वेळ तसाच राहिला. गेला बिचारा, असंच वाटलं. मग कळलं, दिवा ठणठणीत होता. त्याची वीज जाऊ नये म्हणून बसवलेलं यूपीएस तेवढं बिघडलं होतं. आमच्याकडे साहेबांची तब्येत उत्तम असते आणि त्यांच्या नावे रजेचा अर्ज लिहिणारा कारकून दवाखान्यात असतो, त्यातलाच प्रकार.

पण दिव्याचं एक बरं आहे. दिव्यात चोर शिरत नाही. दिव्याला खाती नाहीत, पासवर्ड नाहीत, त्याच्यात कोणाची मुदत ठेव नाही. तो नुसता पेटत राहिला तरी त्याचं कर्तव्य संपलं. यंत्र जगाशी तारेने जोडलं, की मात्र नुसतं चालू असणं पुरत नाही.

मी बँकेत लागलो, तेव्हा आमच्या शाखेतही असं एक अखंड यंत्र होतं. २००० नंतरची ती पहिली काही वर्षं. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत ते विराजमान झालेलं असे. अख्ख्या शाखेत वातानुकूलन होतं ते त्या खोलीला. साहेबांना पंखा, आम्हाला पंख्याचा आवाज, आणि यंत्राला ए.सी. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत आणि हळद-कुंकू वाहत. आमचे शिपाईमामा श्रद्धाळू असल्यामुळे ते कुंकू नेमकं हवा आत जायच्या जाळीवर वाहत. शाखेचं शटर पडे, दिवे मालवत, पण ते यंत्र चालूच. त्याला कोणी बंद करत नसे.

एकदा बदली होऊन आलेल्या नव्या ऑफिसरने सहज विचारलं, "हे शेवटचं बंद कधी केलं होतं?"

सगळे एकदम गप्प झाले. लग्नघरात कोणी वराचा पगार विचारावा, तशी शांतता. मग कॅशमधले काका म्हणाले, "साहेब, चालतंय ना?"

"हो, चालतंय."

"मग हात लावू नका."

संगणकशास्त्रातला याहून जुना सिद्धान्त माझ्या ऐकिवात नाही. नव्या ऑफिसरनीही तो मान्य केला आणि चपला घालून ते बाहेर आले. पुढे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्राला जोडायचं ठरलं. इथला सगळा हिशेब तिकडे नेऊन, तपासून झाला आणि मगच या यंत्राला पहिल्यांदा विश्रांती देण्यात आली. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी जुना एक अहवाल हवा झाला म्हणून बटण दाबलं, तर ते उठेचना. जुन्या डिस्कचं असं होतं म्हणतात. फिरत आहे तोवर फिरते, एकदा गार पडली की जागच्या जागी चिकटून बसते. नुकसान कोणाचंच झालं नाही. मामांनी मात्र पुढच्या दसऱ्याला सवयीने माळ आणली होती, ती मग नोटा मोजायच्या यंत्राला घातली.

तेव्हापासून अपटाइमचा आकडा ऐकला, की मला ते यंत्र आठवतं. ते चालतंय, एवढं आम्हाला माहीत होतं. ते थांबलं तर पुन्हा सुरू होईल का, त्याच्या पोटात काय साचलंय, हे कोणालाच माहीत नव्हतं. सोळा वर्षं चाललं याचा अर्थ सोळा वर्षं ठीक होतं असा होतोच असं नाही. सोळा वर्षं कोणी उघडून पाहिलं नाही, असाही होतो.

आता उघडून बघायचं ते कशासाठी? तर ठिगळासाठी. संगणकाच्या आज्ञांत चूक सापडली, की तिच्या दुरुस्तीला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. ही नुसती उपमा आहे असं समजू नका. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली 'मार्क वन' नावाचं एक अवाढव्य यंत्र कामाला लागलं. त्याला आज्ञा मिळत त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडलं, तर त्यावर कागदाचा तुकडा डकवून ते बुजवत. खरोखरचं ठिगळ! आमच्याकडे पोथ्यांना लावतात तसं.

पुढे कागद गेला, ठिगळ राहिलं. मात्र ते लावायचं तर बहुतेक वेळा यंत्र थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. सदऱ्याला ठिगळ लावायचं तर तो अंगातून उतरवावा लागतो, त्याला इलाज नाही. (अंगातल्या अंगात टाके घालायची युक्तीही निघाली. २०१५ साली लिनक्सच्या चौथ्या आवृत्तीत तशी सोय आली. पण अंगावर कपडा शिवू नये असं आमची आजी म्हणायची, आणि ही सोयही मोजक्याच टाक्यांपुरती आहे.) म्हणजे ज्याला अपटाइमचा आकडा प्रिय, त्याला ठिगळ अप्रिय. आज नको, महिनाअखेर आहे. उद्या नको, पगार आहेत. परवा नको, परवा ऑडिट आहे. असं करत करत सदरा विरतो.

विरलेल्या सदऱ्याचा अनुभव बँकांना २५ जानेवारी २००३ रोजी आला. त्या शनिवारी 'स्लॅमर' नावाचा एक किडा तारांतून सुटला. मायक्रोसॉफ्टच्या हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीत एक भोक होतं, त्यातून तो शिरायचा. पहिल्या दहा मिनिटांतच शिरण्याजोगी बहुतेक सगळी यंत्रं त्याने गाठली. अमेरिकेत एका बँक ऑफ अमेरिकेची १३ हजार एटीएम काम करेनाशी झाली. आणि त्या भोकाचं ठिगळ? ते जुलै २००२ मध्येच निघालं होतं. सहा महिने तयार होऊन पडलं होतं. लावायला कोणाला सवड झाली नव्हती.

त्याच २००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठिगळांसाठी मुक्रर केला. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळायला सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला, यंत्रांची सोय बारा वर्षं आधी झाली. तरीही लोक सुधारले असं नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला आणि त्याने इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. रद्द झालेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांचा तिथल्या सरकारी हिशेबतपासनीसांचा अंदाज १९ हजारांवर गेला. त्याचंही ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्ये, निघालेलं होतं. आपल्याकडे एटीएमच्या पोटात विंडोज एक्सपी किती तरी वर्षं सुखाने नांदत होतं. त्याची देखभाल तिच्या निर्मात्यांनी एप्रिल २०१४ मध्येच थांबवली होती. शेवटी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, जून २०१९ पर्यंत हे सगळं बदला.

खरं म्हणजे बँकवाल्याला हे समजायला संगणक शिकावा लागत नाही. ही अक्कल आमच्या धंद्यात फार जुनी आहे. जो माणूस कधीच रजा घेत नाही, त्याच्याकडे बँक कौतुकाने नव्हे, संशयाने बघते. कारण अफरातफर करणाऱ्याला रजा परवडत नाही. तो आठ दिवस गेला, की त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो, खण उघडतो, आणि काल दाबलेला कागद आज वर येतो. फ्रान्समधल्या सोसिएते जनराल या बँकेतल्या जेरोम केर्व्हिएल नावाच्या तरुणाने २००७ च्या अख्ख्या वर्षात अवघे चार दिवस रजा घेतली. केवढा कष्टाळू! जानेवारी २००८ मध्ये बँकेने जाहीर केलं, की त्याच्या चोरून केलेल्या सौद्यांपायी ४९० कोटी युरो बुडाले. आपल्या रिझर्व्ह बँकेने तर जुलै २०२१ मध्ये नियमच घालून दिला, की नाजूक जागी काम करणाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाच्या दिवसांची रजा द्यायची, ती आधी न सांगता द्यायची, आणि त्या काळात त्याला कामाच्या कशालाही हात लावू द्यायचा नाही. देणारी बँक, घेणारा मात्र घाबरलेला, अशी ही जगातली एकमेव रजा.

दर वेळी चोरीच सापडते असं नाही. आमच्याकडच्या एका बिनरजेच्या हेडकॅशियरना अशी रजा मिळाली. माणूस देवासारखा सरळ. पै इकडची तिकडे नव्हती. पण दुसऱ्या दिवशी स्ट्राँगरूमची जाळी उघडेना. तिला खालच्या कोपऱ्यात डाव्या पायाने एक विशिष्ट लाथ मारावी लागते, हे अकरा वर्षं फक्त त्यांनाच ठाऊक होतं. सस्पेन्स खात्यातल्या कुठल्या नोंदी का पडून आहेत, हेही त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. दहा दिवसांत आम्ही जाळी दुरुस्त केली, नोंदी निस्तरल्या. हेडकॅशियर परत आले ते जरा खट्टू झाले. लाथेची विद्या वाया गेली.

हे सगळं मी घरी रंगवून सांगितलं, तेव्हा सौ. पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "दहा दिवस सलग? न सांगता? आणि हात लावू द्यायचा नाही? एक परिपत्रक स्वयंपाकघरासाठी काढा म्हणावं तुमच्या रिझर्व्ह बँकेला." मी विषय बदलला.

यंत्राला थांबवायचं ते निव्वळ चोरासाठीच, असंही नाही. चोर नसला तरी आतल्या आत काहीतरी साचत असतं. विंडोज ९५ घ्या. त्यातही एक घड्याळ ३२ बिटांचं होतं आणि ते सेकंदाचे हजार तुकडे मोजत होतं, म्हणून ४९.७ दिवसांनी भरायचं. भरलं की यंत्र जागीच गोठायचं. ही चूक १९९५ पासून होती. तिची दुरुस्ती निघाली १९९९ मध्ये. इतका उशीर का? तर विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालतं, असं दृश्य फारसं कोणी पाहिलंच नव्हतं. ते दर दोन दिवसांनी आपणहून रजेवर जायचं. याच ४९.७ दिवसांनी १४ सप्टेंबर २००४ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवाई नियंत्रण केंद्राला मात्र चांगलाच हात दाखवला. तिथलं रेडिओचं यंत्र दर तीस दिवसांनी माणसाने बंद करून चालू करायचं, असा नियम होता. त्या खेपेला ते राहून गेलं. डबा भरला, रेडिओ मुका झाला, पर्यायी व्यवस्थाही कोसळली, आणि आकाशातली विमानं तीन तासांहून अधिक काळ त्या केंद्राशी बोलू शकली नाहीत. सुदैवाने कोणी कोणावर आदळलं नाही.

त्याच्या तेरा वर्षं आधी सौदी अरेबियात सुदैव हजर नव्हतं.

आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं पाडायला अमेरिकेने पॅट्रियट नावाची यंत्रणा तैनात केली होती. तिचं काम असं. रडारला काहीतरी दिसतं. संगणक वेळ आणि वेग यांचा हिशेब करून सांगतो, की पुढच्या क्षणी ते अमुक जागी असेल. रडार तेवढ्याच चौकटीत पुन्हा बघतं. तिथे दिसलं, तर ते खरं. नाही दिसलं, तर भास समजून सोडून द्यायचं. आता ही वेळ संगणक मोजायचा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने. एक दशांश. म्हणजे रुपयाचे दहा पैसे. आपल्याला किती सोपं! पण संगणकाच्या दोनच अंकांच्या भाषेत एक दशांश पुरता लिहिताच येत नाही. आपण एकाला तिनाने भागायला बसलो, की तीन, तीन, तीन करत कागद संपतो, तसं त्याचं होतं. पॅट्रियटकडे कागद होता २४ घरांचा. पंचविसाव्या घरापासून पुढचं सोडून दिलं होतं. सुटलेली शिल्लक दर टिचकीला सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शाएवढी.

ज्याने कधी शाखेचं बॅलन्सिंग केलंय, त्याला पुढचं सांगायला नको. आमच्या जुन्या मंडळींच्या काळी दहा पैशांचा फरक आला तरी अख्खी शाखा रात्री अकरापर्यंत बसे. बाहेरच्याला तो वेडेपणा वाटे. स्वतःच्या खिशातून दहा पैसे टाका आणि घरी जा की! पण दहा पैसे हा फरक नसतो, ती खूण असते. आज दहा पैसे आहेत, उद्या काय असतील ते सांगता येत नाही.

धहरानची पॅट्रियट तोफखान्याची तुकडी २५ फेब्रुवारी १९९१ ला शंभर तासांहून अधिक वेळ अखंड चालू होती. शंभर तासांत टिचक्या झाल्या छत्तीस लाख. शिल्लक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली होती. स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरहून अधिक जातं. रडारने बघितलं ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकलेल्या जागी. तिथे काहीच नव्हतं. भास समजून सोडून दिलं. ते क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर पडलं आणि अठ्ठावीस जण ठार झाले. त्यातले तेरा जण पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गच्या एका राखीव तुकडीतले होते. त्यांचं काम पाणी शुद्ध करण्याचं होतं, आणि त्यांना तिथे येऊन एक आठवडाही झाला नव्हता.

आणि ही चूक अज्ञात नव्हती. हीच यंत्रणा वापरणाऱ्या इस्रायलींना तसं आढळलं होतं. आठ तास यंत्र चाललं की चौकट सरकू लागते, हे त्यांनी ११ फेब्रुवारीलाच अमेरिकनांना कळवलं होतं. १६ तारखेला दुरुस्ती तयारही झाली. ती सगळ्या तुकड्यांना पोचवायला विमानं, गाड्या आणि दिवस लागत होते. म्हणून २१ तारखेला एक संदेश धाडला गेला: यंत्र 'फार जास्त वेळ' चालवल्यास चौकट सरकू शकते. फार जास्त म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

हे वाचून मी थोडा वेळ वर्तमानपत्र वगैरे चाळत बसलो. 'शक्यतो लवकर', 'योग्य त्या कालावधीत', 'फार जास्त वेळ'. असले शब्द असलेली परिपत्रकं मी रोज फाईलला लावतो. ती कोणी लिहिली, कोणाला विचारायचं, काही कळत नाही. सही करायची आणि पुढच्या टेबलावर सरकवायची. वास्तविक पॅट्रियट बंद करून पुन्हा चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागत असे. बंद करून चालू केलं, की घड्याळ शून्यावर, चूकही शून्यावर. पण ते किती तासांनी करायचं, हा आकडा कोणी दिला नव्हता. दुरुस्तीचं ठिगळ धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला.

विमानवाले या बाबतीत सुधारले आहेत असं म्हणायला जागा आहे. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने बोइंग ७८७ विमानांसाठी हुकूम काढला, की सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, सबब त्याआधी वीज बंद करून पुन्हा चालू करा. २०१७ मध्ये युरोपने एअरबस ए-३५० च्या काही विमानांना असाच हुकूम दिला, तिथे आकडा १४९ तासांचा. वाचून प्रवाशाच्या पोटात गोळा येतो हे खरं. पण निदान आकडा लिहिलेला आहे.

दुसऱ्या पक्षाचंही ऐकून घ्यायला हवं. कॅशमधले काका हे केवळ मागासलेले गृहस्थ, असं समजायचं कारण नाही. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने तिच्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांना एक छोटीशी सुधारणा पाठवली. चोर येऊ नये म्हणूनच हो. ती ज्या विंडोज यंत्रांत शिरली, त्यातली सुमारे ८५ लाख निळी पडून उताणी झाली. कंपनीने ती सव्वा तासाने मागे घेतली, पण पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांपाशी माणूस पाठवून एकेक उठवावं लागलं. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आमच्या काकांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि "अक्षर बरं आहे हो" एवढंच म्हणाले. रिझर्व्ह बँकेने पाहणी करून सांगितलं, की देशात अवघ्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. बाकीच्या का वाचल्या, यावर आमच्या शाखेत दोन मतं होती. एक, त्यांची व्यवस्था चोख होती. दुसरं मत काकांचं.

ठिगळ लावणाऱ्याचा हात वाईट असला, तर ठिगळासकट सदरा फाटतो, हे काकांना कबूल करावं लागेल आणि मलाही. पण म्हणून कोणी उघडं हिंडत नाही. चार ठिकाणी आधी लावून बघावं, मग सगळीकडे. त्या शुक्रवारनंतर कंपनीनेही तसंच टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं.

आणि ज्यांना अपटाइमचाच अभिमान मिरवायचा आहे, त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली गेली. त्यांच्यावरच्या सगळ्या संगणकांची मिळून स्मृती सत्तर हजार अक्षरांच्या आसपास. आमच्या बँकेचं रजेच्या नियमांचं पुस्तक त्यात मावणार नाही. इतकी जुनी यंत्रं इतकी वर्षं चालली, ती कोणी हात लावला नाही म्हणून नव्हे. वाटेतच त्यांच्या आज्ञा बदलल्या, १९८६ ला युरेनसपाशी पोचायच्या आधी चित्रं आवळून पाठवायची नवी रीत त्यांतल्या एकाला उडता उडता शिकवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ भ्रमिष्टासारखं बरळू लागलं. शोध घेता कळलं, की एका संगणकाच्या स्मृतीचा तीन टक्के भाग वाहणारी एक चिप गेली आहे. नवी चिप बसवायला कोण जाणार? यान २,४०० कोटी किलोमीटरवर. मग त्या भागातल्या आज्ञा दुसरीकडे हलवायचं ठरलं. पण अख्ख्या मावतील एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. तेव्हा त्यांचे तुकडे केले, जिथे फट दिसेल तिथे एकेक तुकडा बसवला, आणि कोणाच्या पुढे कोण याचे पत्ते दुरुस्त केले. चाळीतल्या दोन खोल्यांत लग्नाचे पाहुणे निजवावेत, तसं.

१८ एप्रिल २०२४ ला पहिलं ठिगळ रवाना झालं. प्रकाशाच्या वेगाने जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० तारखेला यानाने आपल्या प्रकृतीचा शुद्ध शब्दांत अहवाल पाठवला. सत्तेचाळीस वर्षांच्या कारकुनीत उत्तर यायला पंचेचाळीस तास. आमच्या हेड ऑफिसला मी गेल्या दिवाळीत रजेच्या प्रवासभत्त्याबद्दल पत्र टाकलंय, त्याचा अजून पत्ता नाही, आणि ते इथून दोनशे किलोमीटरवर आहे.